किचनमधले गुणी लोक

हॉटेलच्या किचनमध्ये एखाद्याचं मन बिघडलंय हे ओळखायला फार वेळ लागतो. बाहेर जी लक्षणं पाहून घरचे लोक काळजीत पडतील, तीच आमच्याकडे गुण म्हणून खपतात. रात्री तीनला आडवा झालेला सकाळी नऊला एप्रन बांधून उभा असेल तर तो मेहनती. दिवसभर पोटात चहा आणि सिगरेटशिवाय काही नसेल तर तो धंद्यात मुरलेला. तोंड थांबत नाही, हात थांबत नाहीत, रात्री दोन वाजता मेन्यूच्या नव्या कल्पनांचे मेसेज पाठवतोय, म्हणजे 'पोरात आग आहे'. हात भाजला तर दोन मिनिटं नळाखाली धरून परत लाइनवर आला, तर त्याचं प्रमोशन पक्कं. आणि जो ओरडतो, भांडी आपटतो, प्लेट भिंतीवर फेकतो, तो तर काय, शेफच.

हे इतकं स्वच्छ मला डेव्हिड चँगनं दाखवलं. न्यूयॉर्कच्या मोमोफुकु रेस्टॉरंटांचा हा संस्थापक. त्याचं 'ईट अ पीच' हे आत्मकथन 2020 साली आलं, जगभरातली किचनं बंद पडलेली असताना. शेफ लोकांची पुस्तकं मी एरवी उभ्या उभ्या चाळतो. आधी आजीच्या हातची चव, मग पॅरिसमधला कडक गुरू, मग यश, आणि पानोपानी लोणी. हे पुस्तक मात्र बसून वाचावं लागलं. मी मुंबईत हॉटेल मॅनेजमेंट करून या धंद्यात आलो, मोठ्या हॉटेलात सुरुवात केली, मग छोट्या रेस्टॉरंटांत गेलो. आता एका बऱ्यापैकी चालणाऱ्या जागेचं किचन बघतो. चँगच्या किचनशी माझं तसं नातं नाही. पण त्याची कित्येक पानं वाचताना मला आमच्याच लाइनवरची माणसं दिसत होती.

चँग कोरियन आईबापांचा, अमेरिकेत व्हर्जिनियात वाढलेला. लहानपणी गोल्फमध्ये चमकलेला आणि मग त्यातून पार घसरलेला. न्यूयॉर्कच्या नामांकित किचनांत तो राबला. घरी आईचं आजारपण आणि कामावर पूर्ण खचलेला जीव, अशा अवस्थेत एक चांगली नोकरी सोडली. डिप्रेशन तरुणपणापासून सोबतीला होतंच. मरणाचे विचार येऊन जाऊन असत. 2003च्या सुमारास तो मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊ लागला आणि 2004 मध्ये ईस्ट व्हिलेजमध्ये मोमोफुकु नूडल बार उघडला. जागा जेमतेम सहाशे चौरस फूट. आपल्याकडे एवढ्यात वडापाव, ज्यूस आणि मोबाइल रिपेअर अशी तीन दुकानं बसतात. यामागचा त्याचा हिशेब असा की नाहीतरी कशालाच अर्थ नसेल, तर निदान दुकान तरी काढून बघू, गमवायला आहे काय? सुरुवातीचे महिने धंदा बसलेलाच होता. मग त्यानं आणि त्याच्या पहिल्या साथीदारानं फक्त नूडल्सचा हट्ट सोडला, स्वतःला खावंसं वाटेल ते शिजवायला घेतलं आणि रांगा लागल्या.

इथपर्यंत ही गोष्ट कुठल्याही बिझनेस मासिकात शोभेल. पण पुढे तो सांगतो की आपल्याला बायपोलर डिसऑर्डर, म्हणजे मन कधी फार वर तर कधी फार खाली नेणारा आजार आहे, काम हीच आपली नशा होती, आणि ज्या वर्षांत सगळं जग पाठ थोपटत होतं त्याच वर्षांत आतून पडझड चालू होती. सिडनीत रेस्टॉरंट, टोरांटोत रेस्टॉरंट, न्यूयॉर्कमधल्या त्याच्या 'को' रेस्टॉरंटला मिशलँ या फ्रेंच गाइडचे दोन स्टार. आजाराच्या वरच्या टोकाला असताना माणसाला झोप लागत नाही आणि जमिनीवर पाय ठरत नाहीत. तेव्हाच तो तीन नवी रेस्टॉरंटं आखू शकतो. गुंतवणूकदार खूश, पत्रकार खूश. डॉक्टर सोडला तर थांबवणार कोण?

मी अशी माणसं पाहिलीत. एक सू शेफ, म्हणजे शेफच्या हाताखालचा दुसरा माणूस, होता, मूळचा मालवणकडचा. गणपतीला गावी न गेलेला कोकणी माणूस म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगायला नको. हा सलग काही वर्षं गेला नाही, सुट्टी मंजूर असूनही. आम्ही त्याचं उदाहरण ट्रेनी पोरांना द्यायचो. नंतर केव्हातरी समजलं की त्याला घराची भीती वाटायला लागली होती. घरी गेलं की रिकामं बसावं लागतं, रिकामं बसलं की छाती धडधडायला लागते. किचनमध्ये केओटी, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी, येत राहते तोवर छाती धडधडण्याला कारण असतं.

म्हणूनच 'किचन माणसाला मोडतं' हे सरळ वाक्य मला पुरेसं वाटत नाही. किचन माणसाला धरूनही ठेवतं, आणि तिथेच सगळी गुंतागुंत आहे. आमच्याकडे हंडी सेक्शनला गढवालचे एक आचारी होते. मुंबईतल्या हॉटेलांत गढवाली आचारी जागोजाग भेटतात. यांना सगळे चाचा म्हणायचे. बायको गेली तेव्हा ते गावी गेले आणि कार्य उरकताच परत आले. लवकर का आलात असं विचारलं तर म्हणाले, 'वहाँ सब रोते हैं, यहाँ प्याज काटूँगा.' कांदा कापला, बिरिस्ता तळला, शोरबा लावला, पास, म्हणजे प्लेटा बाहेर द्यायचा ओटा, पुसला. तिथे कुणी त्यांना कसं वाटतंय म्हणून विचारत नव्हतं, त्यांना तेच हवं होतं. हात काय करायचं ते जाणत होते. मला वाटतं त्या दिवसांत कुठल्याही समुपदेशकानं याहून बरं काही दिलं नसतं. चँगही कबूल करतो की रेस्टॉरंटनं त्याला जगवलं. हे त्यानं लपवलं असतं तर मी पुस्तक मिटून ठेवलं असतं.

पण चाचा बरे झाले का, हा वेगळा प्रश्न आहे. त्याचं उत्तर मार्च 2020 मध्ये मिळालं.

लॉकडाऊन लागला तेव्हा सुरुवातीला आमच्या पोरांना मजा वाटली. आयुष्यात पहिल्यांदा संध्याकाळ म्हणजे काय ते दिसलं. सात वाजता उजेड कसा जातो हे पाहिलंय कुणी? त्या वेळी आम्ही बिनखिडकीच्या खोलीत डिनरची तयारी करत असतो. पण थोड्याच दिवसांत फोन यायला लागले. चौदा तास खणखणीत उभी राहणारी माणसं रिकाम्या खोलीत कोसळत होती. एकाला वाटायचं हार्ट अटॅक आलाय. एक जण उलटसुलट वेळी फोन करून फक्त मेन्यूवर बोलायचा, जो मेन्यू कुठेच शिजणार नव्हता. चाचा गावी अडकले होते. बायकोच्या मृत्यूला तेव्हा बरीच वर्षं झाली होती, तरी त्यांच्या मुलानं फोनवर सांगितलं, 'बाबूजी आता रडायला लागलेत.' इतकी वर्षं कांद्याच्या नावावर टाकलेलं ते सगळं उसनं, वसुलीला आलं.

रागाचं मात्र मला अजून नीट उमगलेलं नाही. चँगच्या पुस्तकात रागाला मोठी जागा आहे. तो माफी मागतो, लाज वाटते म्हणतो, आजाराशी त्याचा संबंध लावतो. ते खरंही असेल. पण पुस्तक आलं त्याच वर्षी त्याच्याकडे पूर्वी काम केलेल्या एका बाईनं लेख लिहिला. तिचं म्हणणं साधारण असं की त्याच्या रागाची गोष्ट त्याच्या बाजूनं छापून आली, ज्यांनी तो सोसला त्यांच्या बाजूचं काय? मला तिचं पटतं. शेफची आत्मकथनं शेफच लिहितो. प्लेट ज्याच्या कानाजवळून गेली तो 'कमी थ्री', म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीवरचा आचारी, पुस्तक लिहीत नाही, तो नोकरी बदलतो. भांडी घासणारा तर तेही करू शकत नाही. आणि मालकाच्या रागाला आजाराचं नाव मिळतं, पण तोच राग कमी थ्रीनं दाखवला तर त्याला मेमो मिळतो.

आम्हाला शिकवलेलं असं की हा आरडाओरडा परंपरेनं आलाय. फ्रेंच ब्रिगेड म्हणजे फौजेसारखी लावलेली किचनची रचना, लष्करी शिस्त, फ्रेंच शेफ एस्कोफिए वगैरे. एस्कोफिए खरोखर 1870च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात लष्कराचा आचारी होता. पुढे लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात त्यानं किचनची कामं वाटून दिली, सॉसवाला वेगळा, भाजणारा वेगळा, थंड पदार्थांचा वेगळा. आज मुंबईत कुठल्याही मोठ्या हॉटेलात तीच मांडणी आहे. पण हाच एस्कोफिए किचनमध्ये शिवीगाळ आणि दारू चालू देत नसे. उष्णतेनं तहानलेल्या आचाऱ्यांसाठी त्यानं बार्लीचं पेय ठेवलं होतं आणि स्वतःला राग यायला लागला की तो किचनबाहेर निघून जाई. म्हणजे आम्ही त्याची रचना घेतली, पदांची उतरंड घेतली, उंच टोपी घेतली आणि बार्लीचं पाणी तेवढं तिथेच ठेवलं. हे मला कॉलेजात कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

कॉलेजात आम्हाला सांगितली गेली ती व्हातेलची गोष्ट. 1671, फ्रान्समधलं शांतिई, चौदावा लुई पाहुणा, आणि समुद्रावरून यायची मासळी वेळेवर आली नाही म्हणून खानपानाच्या प्रमुखानं, व्हातेलनं, जीव दिला. मग मासळीच्या गाड्या आल्या. आमच्या सरांनी ही गोष्ट कामावरच्या निष्ठेचं उदाहरण म्हणून सांगितली आणि वर्ग गंभीर झाला. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांना निष्ठा म्हणजे काय ते असं शिकवायचं? पुढे बर्नार लुआझोचं नाव कानावर आलं. फ्रान्समध्ये बरगंडीतल्या सोल्यू गावचा शेफ, 1991 साली तिसरा मिशलँ स्टार मिळालेला. 24 फेब्रुवारी 2003ला त्यानं आत्महत्या केली, वय 52. त्याच्या थोडं आधी गो-मियो या गाइडनं त्याचे गुण वीसपैकी एकोणीसवरून सतरा केले होते, आणि स्टार जाणार अशी कुजबुज होती. बातम्यांनी 'दोन गुणांसाठी गेला' असंच सांगितलं. त्या वर्षीच्या मिशलँमध्ये त्याचे तिन्ही स्टार जागेवर होते. कर्ज होतं, थकवा होता, मनाचे चढउतार जुने होते. पण हे सगळं कथेत बसत नाही. कलेसाठी मेलेला कलावंत जेवणाच्या टेबलावर सांगायला बरा वाटतो, औषधं आणि झोपेची गरज असलेला दमलेला माणूस तसा वाटत नाही.

आणि मग अँथनी बोर्डेन, न्यूयॉर्कचा शेफ आणि लेखक. माझ्या पिढीच्या किचनवाल्यांवर 'किचन कॉन्फिडेन्शियल'नं जे गारूड केलं त्याला तोड नाही. 2000 साली आलेलं पुस्तक, आमच्या हॉस्टेलवर त्याची झेरॉक्स फिरायची. त्यात किचन म्हणजे समुद्री चाच्यांचं जहाज होतं. ड्रग्ज, जखमा, शिव्या, रात्रभर दारू आणि सकाळी परत ब्रंच. आम्ही पोरं ते वाचून हातावरचे भाजल्याचे डाग पदकासारखे मिरवायला लागलो. बोर्डेन खरा लिहिणारा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. डिशवॉशरला त्यानं माणूस म्हणून पानावर आणलं. पण 2017 साली, सगळीकडून बायका छळाबद्दल बोलायला लागल्यावर, आपल्या पुस्तकानं या मर्दानी गुंडगिरीला बळ दिलं का, हा प्रश्न त्यानंच जाहीरपणे स्वतःला विचारला. 8 जून 2018ला फ्रान्समध्ये शूटिंगच्या दौऱ्यावर असताना त्यानं आयुष्य संपवलं. त्या दिवशी आमच्या किचनमध्ये बातमी आली ती लंचच्या नंतर, डिनरच्या आधी. कुणीतरी फोन वाचून दाखवला. तेवढ्यात बँक्वेटची ऑर्डर आली आणि आम्ही पनीर कापायला लागलो. एका ट्रेनीनं विचारलं, 'शेफ, त्याच्याकडे तर सगळं होतं ना?' मी म्हटलं, 'पनीर सारख्या आकाराचं काप.' त्या वेळी त्याहून बरं काही सुचलं नाही, आणि आजही त्या प्रश्नाला छोटं उत्तर नाही.

वाचणाऱ्यांना कदाचित वाटेल की हे सगळं न्यूयॉर्क-पॅरिसचं, स्टारवाल्यांचं दुखणं. आमच्याकडे स्टारचा ताण नाही, मिशलँ आपल्याकडे येतच नाही. आमच्याकडे ब्रेक शिफ्ट आहे. सकाळी दहाला यायचं, तीनला सुटायचं, सहाला परत, मग मध्यरात्रीपर्यंत. मधल्या तीन तासांत विरार-कल्याणला घरी जाऊन येणं शक्य नसतं. मग लॉकर रूममध्ये पुठ्ठ्यावर झोपायचं. महाराष्ट्राच्या 2017च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यानं दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली होती. पुठ्ठ्यावरचे तीन तास कामाचे नव्हेत असं धरलं तरी आमची ब्रेक शिफ्ट अकरा तासांची होते, त्यात बसत नाही. सर्व्हिस संपली की अंगातला वेग लगेच उतरत नाही. शेवटची लोकल गेलेली असते, पहिली पहाटे चारच्या सुमारास. मधल्या वेळेत काय करायचं? दारू हेच उत्तर बहुतेकांना सापडतं. दारूबद्दल नंतर सगळे बोलतात, पुठ्ठ्याबद्दल कुणी बोलत नाही.

आता काही जागा बदलतायत. आठवड्यातून एक दिवस रेस्टॉरंट बंद ठेवणारे मालक दिसतात, एकाच सलग शिफ्टवर आलेलेही आहेत. मी लॉकर रूमच्या दारावर टेली-मानस या मानसिक मदतीच्या हेल्पलाइनचा नंबर चिकटवलाय, 14416. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि मुख्य म्हणजे चोवीस तास चालतो. आमच्या माणसाला मन मोकळं करायची वेळ मिळते ती रात्री दीडला, हे ज्यानं ओळखलं त्याचे आभार. पहिल्या आठवड्यात त्या कागदावर कुणीतरी मिशा काढल्या. नंतर खालच्या कोपऱ्यातून एक तुकडा फाडलेला दिसला, नंबर उतरवण्यापुरता.

फोननं भागत नाही तेव्हा खरी अडचण सुरू होते. ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड आहे, केईएमची ओपीडी आहे, पण दोन्हीकडची रांग सकाळची, आणि आमचा माणूस तेव्हा नुकता झोपलेला किंवा भाज्यांच्या गोण्या मोजत असतो. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विमा कंपन्यांना मनाचा आजार शरीराच्या आजाराच्या बरोबरीनं धरायला सांगितलं, पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात भरती झाल्यावरच उघडतात. खासगी डॉक्टरच्या एका बैठकीत कमी थ्रीचा दोन-तीन दिवसांचा पगार जातो. चँगला डॉक्टर परवडला. त्याचं त्याला भान असावं. 2020 साली अमेरिकेच्या 'कोण होणार करोडपती'च्या सेलिब्रिटी भागात तो चक्क दहा लाख डॉलर जिंकला आणि ते त्यानं सदर्न स्मोक या संस्थेला दिले. अडचणीत सापडलेल्या हॉटेल कामगारांना ही संस्था मदत करते. पुस्तकातल्या माफीपेक्षा मला हे जास्त आवडलं.

आमच्याकडे संस्था नाही, पाकीट आहे. कुणाच्या वडिलांची बायपास, कुणाच्या बहिणीचं लग्न, कुणाचं अपेंडिक्स, की खाकी पाकीट फिरतं. पास ते पॉट-वॉश, प्रत्येक जण टाकतो, आणि कुणी किती टाकले ते कुणी बघत नाही. गेल्या वर्षी गार्द मांजेतल्या, म्हणजे थंड पदार्थांच्या सेक्शनमधल्या, एका मुलाला डॉक्टरांनी नियमित औषधं आणि बैठका सांगितल्या. त्याचा पगार त्याला पुरणार नव्हता. मी पाकीट काढलं तेव्हा माझ्या सू शेफनं बाजूला घेतलं. म्हणाला, 'शेफ, कारण काय लिहिणार? डोक्याचं लिहिलंत तर पोराचं लग्न जमायचं नाही. आणि लोक पैसेही देणार नाहीत.' मुलाला विचारलं तर तोही म्हणाला, दुसरं काहीतरी लिहा. शेवटी पाकिटावर 'मुतखडा' लिहिलं. पैसे भराभर जमले. मुतखड्याच्या कळा काय असतात ते सगळ्यांना ठाऊक, दोघांनी तर घरगुती औषधंही सुचवली.

रात्री स्टोअरमध्ये हिशेब करत बसलो होतो. तंदूरवाला भाई आला. पाकिटात त्यानं आधीच टाकले होते, मी पाहिलं होतं. दारात उभा राहून तो उगाच पिठाच्या गोण्या बघत राहिला आणि मग म्हणाला, 'शेफ, वो पथरीवाला डॉक्टर... नींद का भी देखता है क्या?'